सत्तावीस, चालू आहे?

१

लोकांच्या रात्री मी दिवसा वाचते. सकाळी नऊला येते, डबा टेबलाच्या खालच्या खणात ठेवते आणि आदल्या रात्री कोण कसं झोपलं ते बघत बसते. ऐकणाऱ्याला या कामाची मोठी गंमत वाटते. "म्हणजे झोपायचं त्यांनी आणि पगार तुला?" असं माझी मामेबहीण एकदा म्हणाली होती. मी म्हटलं, हो, तसंच.

आमचं झोपेचं केंद्र इस्पितळाच्या तळमजल्यावर आहे. दोन खोल्या. प्रत्येक खोलीत एक पलंग, भिंतीवर कॅमेरा, उशाशी छोटा माइक. रात्रपाळीचा तंत्रज्ञ पेशंटच्या डोक्याला, डोळ्यांच्या कडेला आणि हनुवटीला तारा चिकटवतो आणि दिवा मालवतो. त्याला आम्ही सगळे जागल्या म्हणतो. निवृत्तीला दोन वर्षं उरलीत आणि अजून त्याला कोणी जांभई देताना पाहिलेलं नाही. सकाळी तो तारा काढतो, पेशंट केसांतला गोंद खरवडत घरी जातो आणि त्याची रात्र माझ्या पडद्यावर येते.

रात्र पानांनी येते. एक पान तीस सेकंदांचं, म्हणजे एका रात्रीची साधारण नऊशे पानं. प्रत्येक पानावर एकच शिक्का मारायचा: जाग, हलकी झोप, गाढ झोप, नाहीतर स्वप्नाची झोप. एकाच पानात थोडी जाग आणि थोडी झोप असेल, तर अर्ध्याहून जास्त जे असेल ते त्या पानाचं नाव. बहुमत. उरलेलं सोडून द्यायचं. नियम चांगला आहे, नाहीतर एक रात्र वाचायला एक आठवडा लागेल. बावीस वर्षं मी तो डोळे झाकून पाळला.

सगळ्यात खाली आवाजाची रेघ असते. पेशंट घोरत असेल तर तिथे फटकारे उमटतात. ते नुसते बघायचे असतात. ऐकत कोणी बसत नाही.

त्या मंगळवारी माझ्यासमोर एका शाळेतल्या बाईंची रात्र होती. खोली नंबर दोन. बाईंचं म्हणणं असं, की सात महिने डोळ्याला डोळा लागलेला नाही. पडद्यावर मात्र सहा तास दहा मिनिटांची झोप दिसत होती. असे लोक आमच्याकडे पुष्कळ येतात, त्यामुळे मी भराभर शिक्के मारत पुढे चालले होते. एक वाजून छप्पन्न मिनिटांच्या पानावर आवाजाच्या रेघेत तीन बारीक उंचवटे दिसले. तिन्ही सारखे, मधलं अंतरही सारखं. घोरणाऱ्याला अशी शिस्त नसते. मी हेडफोन कानाला लावला.

"चालू आहे?" कोणीतरी हळूच विचारलं. थोडं थांबून पुन्हा, "चालू आहे?" आणि मग तिसऱ्यांदा.

मी हेडफोन काढून ठेवला आणि डबा उघडला. तेव्हा साडेदहाच वाजले होते.

२

माझे बाबा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये रात्रपाळीचे ऑपरेटर होते. एकतीस वर्षं. लांबचा कॉल जोडून दिला की ऑपरेटरने मधूनमधून लाइनवर डोकवायचं आणि विचारायचं, बोलणं चालू आहे? तीनदा विचारून कोणी बोललं नाही, तर बोलणं संपलं असं धरायचं आणि बोर्डावरची पिन ओढायची. बाबा त्या वाक्याचं नुसतं "चालू आहे?" करायचे. घरीसुद्धा भाजी चुलीवर आहे का, नळाला पाणी आहे का, माझा अभ्यास झाला का, सगळ्याला एकच प्रश्न.

आई गेली तेव्हा मी आठ वर्षांची होते. रात्री शेजारच्या काकू सोबतीला येऊन झोपायच्या, पण त्या एकदा झोपल्या की कुंभकर्णाने शिकवणी लावावी. मला अंधारात भीती वाटायची. मग बाबांनी नियमात न बसणारी एक गोष्ट केली. घरी एक्स्चेंजने दिलेला फोन होता, नंबर सत्तावीस. रात्री दहाला ते बोर्डावरून घराची लाइन जोडायचे आणि तशीच उघडी ठेवायचे. मी रिसीव्हर उशीवर घेऊन, कानाशी धरून पडायची. पलीकडे बोर्डाची खटखट चाललेली असायची, बाबा परक्या माणसांशी बोलत असायचे, आणि मधूनच फक्त माझ्यासाठी विचारायचे, "सत्तावीस, चालू आहे?"

"चालू आहे," मी म्हणायची.

असं करता करता कधीतरी तीन वेळा उत्तर यायचं नाही. "मग मी समजायचो, पोरगी झोपली," ते सांगायचे. "मग टक!" जिभेने ते पिन ओढल्याचा आवाज काढून दाखवायचे. खरा आवाज मी कधी ऐकला नाही. तो ऐकायला जागं असावं लागलं असतं.

सकाळी सातला ते घरी यायचे, तेव्हा रिसीव्हर माझ्या मुठीतच असायचा. करंगळीपासून सुरुवात करून एकेक बोट सोडवत ते तो काढून घ्यायचे. बऱ्याचदा मी जागी झालेली असायची. पण झोपेचं सोंग घ्यायची, कारण ते बोटं सोडवणं मला फार आवडायचं.

पुढे एक्स्चेंज आपोआप चालायला लागलं आणि बाबा घरी बसले. त्यांचं शरीर मात्र रात्रपाळीवरून परत आलंच नाही. मी त्यांना आमच्या केंद्रात आणलं, खोली नंबर दोनमध्ये झोपवलं. घरच्या माणसाची पानं आपण तपासायची नाहीत असा आमच्याकडे दंडक आहे. मी तो मोडला, कारण माझ्याइतकं नीट कोणी वाचत नाही अशी मला घमेंड होती. पाच तास पन्नास मिनिटांची झोप निघाली.

"मला तर वाटतं एक मिनिट डोळा लागला नाही गं," बाबा म्हणाले.

"बाबा, कागद खोटं बोलत नाही."

त्यांनी कागद दोन्ही हातांनी धरून नीट बघितला. "मग झोपलो असेन," ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी झोपेची तक्रार कधी केली नाही.

फक्त रात्री भिंतीपलीकडून विचारायचे, "सत्तावीस, चालू आहे?" मी "चालू आहे" म्हणायची. कधी दोनदा, कधी दहादा. मागच्या वर्षी एका रात्री मी खूप दमले होते. त्यांनी विचारलं तेव्हा मी घड्याळाकडे बघितलं. रात्री घड्याळ बघू नका असं आम्ही पेशंटला बजावतो. एक छप्पन्न झाले होते. मी उत्तर दिलं नाही. उलट श्वास संथ केला, कारण झोपलेल्या माणसाचा श्वास कसा असतो हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? झोपलेल्याला जागं करता येतं, सोंग घेतलेल्याला नाही, असं म्हणतात ते खरं आहे. त्यांनी तीनदा विचारलं आणि मग थांबले.

सकाळी बाबा नव्हते. हृदय बंद पडलं, दोन-तीनच्या सुमारास, असं डॉक्टर म्हणाले. झोपेतच गेले, सुटले, असं येणारा प्रत्येक जण म्हणाला. ते झोपले होते की नाही हे मला कोणी विचारलं नाही.

३

या आठवणीचं आणि त्या पानाचं काही नातं असायचं कारण नव्हतं. माणसाला जे सलत असतं तेच ऐकू येतं, हे कळण्यासाठी बावीस वर्षांची नोकरी लागत नाही. तरी मी संध्याकाळी जागल्याची वाट बघत थांबले.

"सोमवारी रात्री दोनच्या सुमाराला तुम्ही खोलीत गेला होतात का? पेशंटला काही विचारलंत?"

"मी कशाला विचारू? झोपलेल्या माणसाला झोपलात का विचारणाऱ्यांतला मी नाही." त्याने माझ्याकडे जरा निरखून बघितलं. "ताई, आज घरी गेला नाहीत ते?"

मी माइकची तक्रार लिहून दिली. इलेक्ट्रिशियनने येऊन सगळं उघडलं, परत बंद केलं आणि माइक ठणठणीत असल्याचं सांगितलं.

गुरुवारी शाळेतल्या बाई अहवाल घ्यायला आल्या. आमच्या केंद्राच्या डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून नेहमीची गोष्ट सांगितली. त्यांची ती गोष्ट मला पाठ आहे. झोप न येण्याला तीन गोष्टी लागतात. काहींचं लाकूड मुळातच सुकं असतं, जन्मतःच झोप सावध असते. मग कधीतरी ठिणगी पडते: दुखणं, मृत्यू, नोकरी जाणं. ठिणगी विझते सुद्धा, पण तोवर माणूस घाबरून फुंकायला लागलेला असतो. लवकर पडून राहतो, घड्याळ बघतो, आज तरी लागेल का म्हणून वाट बघतो. मेंदूत एक पहारेकरी असतो, त्याला आता घरी जा असं कोणी सांगतच नाही. "तुम्हाला झोप लागते, बाई," डॉक्टर म्हणाले. "पहारेकरी जागा असतो म्हणून तुम्हाला तसं वाटतं."

"तसं नाही हो." बाईंचे डोळे भरून आले होते. "जरा डोळा लागतोय तोवर वाटतं, कोणीतरी माझ्या उत्तरासाठी थांबलंय. उत्तर न देता झोपायचं कसं?"

डॉक्टरांनी गोळीचं नाव लिहिलं. मी दारात उभी होते, ती तशीच माझ्या खोलीत परत आले.

त्या दिवशी पडद्यावर एका बेकरीवाल्याची रात्र होती, तीसुद्धा खोली नंबर दोनमधली. गडी असा घोरत होता, की आवाजाची रेघ नुसती कुंपणासारखी दिसत होती. एक पंचावन्नला घोरणं थांबलं. एक छप्पन्नला तीन बारीक उंचवटे आले. एक सत्तावन्नला घोरणं पुन्हा सुरू झालं. मी हेडफोनला हात लावला नाही. त्या पानावर हलकी झोप असा शिक्का मारला आणि पुढचं पान उघडलं.

४

बाबांची रात्र जुन्या नोंदींमध्ये होती. ती उघडायची नाही असं मी स्वतःला तीन दिवस बजावलं आणि चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत उघडली.

पहिल्यांदा मी फक्त रेघा बघितल्या. पान मोठं करून, शिक्के पुसून, नवीन पोरीसारखं सेकंद मोजत. एका पानावर सतरा सेकंद झोप होती आणि तेरा सेकंद जाग. पुढच्या पानावर अठरा आणि बारा. मग पुन्हा सतरा आणि तेरा. पान संपायच्या आत डोळा लागायचा आणि पुढच्या पानात पुन्हा उघडायचा. प्रत्येक पानावर बहुमत झोपेचं होतं. मी एकही शिक्का चुकीचा मारला नव्हता. सगळ्या रात्रीची ती उरलेली सेकंदं मी कागदावर मांडली तेव्हा बेरीज अडीच तास आली. माझ्या बाबांची अडीच तासांची जाग, आणि एकाही पानावर तिला नाव नव्हतं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तेवढ्यावर थांबायला हवं होतं. मी हेडफोन लावला.

"सत्तावीस, चालू आहे?"

पलंगाची कुरकुर, नाकातला श्वास. पान उलटलं. "सत्तावीस, चालू आहे?" पुढच्या पानावर तेच. त्याच्या पुढच्या पानावर तेच. तारा चिकटवलेलं डोकं उशीवर ठेवून ते अनोळखी खोलीत रात्रभर विचारत होते. मी तेव्हा गावाच्या दुसऱ्या टोकाला घरी होते, कारण पेशंटसोबत नातेवाइकाने थांबायचं नाही असाही एक नियम आहे. आवाजात तक्रार नव्हती. बोर्डावर बसल्यावर असायचा तसाच आवाज, कामाचा, सभ्य.

मी काय केलं ते सांगते. खोलीत कोणी नव्हतं. मी पडद्याकडे बघून म्हटलं, "चालू आहे, बाबा."

पुढच्या पानावर गाढ झोप होती. मोठ्या, संथ लाटा, कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्याच्या पुढच्या पानावरही. अकरा पानं ते असे झोपले, आणि बाराव्या पानावर पुन्हा विचारलं.

मी फाइलमधला जुना अहवाल काढला. त्यात माझ्याच सहीवर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: गाढ झोप, शून्य मिनिटं. आता, मी त्या वेळी चुकले असेन. बाकी सगळं चुकले होते, तर हेही चुकले असेन. अकरा पानं नजरेतून सुटू शकतात. मी हे स्वतःला नीट समजावलं आणि मग पुन्हा म्हटलं, "चालू आहे."

पाच वाजता झाडणाऱ्या मावशी आल्या. "ताई, कोणाशी बोलताय?"

"फोनवर आहे," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या कानावरच्या हेडफोनकडे बघितलं आणि केर न काढताच दार ओढून घेतलं.

५

त्यानंतर मी बाबांच्या खोलीत झोपायला लागले. झोपायला म्हणजे पडायला.

आवाज बाहेरून यायचा की माझ्याच डोक्यातून, ते मला सांगता येणार नाही. अंगाची ऊब उतरत जाते, विचार सैल होतात, पाय एकदा झटकतो, नेमक्या त्या ठिकाणी कोणीतरी विचारायचं. मी उत्तर द्यायची. मग पुन्हा वाट बघायची. महिनाभरात माझं शरीर रात्री दहाला तयार होऊन बसायला लागलं. अंथरुणावर टेकले की छाती धडधडायची, तळवे गरम व्हायचे. सकाळी आरशात डोळ्यांखाली दोन काळ्या वाट्या. भाजीत मीठ दोनदा पडायचं. बसमध्ये उभ्याउभ्या डुलकी यायची, आणि त्या डुलकीतही ओठ हलत असायचे, हे शेजारच्या बाईने मला सांगितलं.

मला हे सगळं ओळखता येत होतं. माझं लाकूड सुकंच होतं, रात्रपाळीच्या माणसाची लेक मी. ठिणगी कधी पडली ते मिनिटासकट माहीत होतं. आणि फुंकत तर मीच होते, रोज, गाल फुगवून. पेशंटला आम्ही सांगतो की पहारेकऱ्याला घरी पाठवा. मला त्याला पाठवायचं नव्हतं. तीनदा उत्तर गेलं नाही तर बाबा पिन ओढतील, इतकं साधं होतं ते. एकदा माझ्या आळसामुळे ती ओढली गेली होती. पुन्हा ओढू द्यायची नव्हती.

दमले होते मी, हे खरं. पण वर्षभरात पहिल्यांदाच घरात एकटी नव्हते. ते सुखही सांगून टाकते.

६

शेवटी डॉक्टरांनीच पकडलं. एका गाढ झोपलेल्या पेशंटच्या चाळीस पानांवर मी जाग असे शिक्के मारले होते.

"किती दिवस झाले?" त्यांनी विचारलं.

"तीन महिने. मुळीच झोप नाही."

"मुळीच?" ते हसले नाहीत, पण तो शब्द आमच्याकडे कसा ऐकला जातो हे आम्हा दोघांना माहीत होतं. "आज रात्री इथेच झोपा. पानं मी तपासीन."

खोली नंबर दोनच रिकामी होती. जागल्याने माझ्या डोक्याला तारा लावल्या. त्याचे हात गार आणि हलके होते. "बावीस वर्षांत पहिल्यांदा गिऱ्हाईक म्हणून आलात," तो म्हणाला. "काही लागलं तर नुसतं बोला. मला ऐकू येतं." मग दिवा गेला.

ती रात्र मला सबंध आठवते. पहिल्यांदा बाबांनी विचारलं तेव्हा पाइपमध्ये पाणी वाहत होतं. मी उत्तर दिलं. मग कोणीतरी वरच्या मजल्यावर खुर्ची सरकवली. पुन्हा विचारलं, पुन्हा उत्तर दिलं. आवाज जवळून येत होता, पलंगाच्या आणि भिंतीच्या मधून. मध्यरात्रीनंतर तो थकल्यासारखा वाटायला लागला. एकदा त्यांनी लागोपाठ तीनदा विचारलं आणि मी तिन्ही वेळा म्हटलं, "चालू आहे, बाबा, चालू आहे." उजाडेपर्यंत मी एकही प्रश्न वाया जाऊ दिला नाही.

"मस्त झोपलात, ताई," जागल्या तारा काढताना म्हणाला.

"रात्रभर बोलत होते मी. तुम्हाला ऐकू आलं नाही?"

तो गोंद पुसत राहिला. "एक शब्द नाही," तो म्हणाला.

दुपारी डॉक्टरांनी पडदा माझ्याकडे वळवला. सहा तास चाळीस मिनिटं. त्यातली दोन तास गाढ झोप. "वयाच्या मानाने उत्तम आहे," ते म्हणाले. "आता तुम्हीच पेशंटला सांगता ना, कागद…" आणि माझा चेहरा बघून ते वाक्य त्यांनी अर्धंच ठेवलं. मला एकटीला बसू द्या, असं मी त्यांना सांगितलं.

मी प्रत्येक पान मोठं केलं. सेकंद मोजले. तेरा सेकंदं कुठेच नव्हती. पानंच्या पानं काठोकाठ झोपेची होती. मग कॅमेऱ्याचं चित्र आणि आवाज दोन्ही लावले. करड्या उजेडात मी कुशीवर झोपले होते. तोंड मिटलेलं. उजवा हात उशीवर कानाशी, मूठ वळलेली, पण पूर्ण मिटलेली नाही. मधे काहीतरी धरल्यासारखी जागा होती.

एक छप्पन्न. "सत्तावीस, चालू आहे?"

पडद्यावरची मी काही बोलले नाही. खुर्चीतली मी मोठ्याने म्हणाले, "चालू आहे."

"सत्तावीस, चालू आहे?"

"चालू आहे. बाबा, मी इथे आहे, चालू आहे."

"सत्तावीस?" या वेळी जरा हळू, झोपलेल्या मुलाच्या अंगावर पांघरूण घालताना बोलतात तसं. "चालू आहे?"

मी पडद्याला दोन्ही हात लावले होते. रात्र होऊन बारा तास उलटले होते आणि मी दिवसाउजेडी ओरडत होते. पडद्यावरच्या बाईचा श्वास संथ चालला होता. सोंग नव्हतं ते. मला फरक कळतो.

मग टक असा आवाज आला.

छोटा आवाज होता, कोरडा. आयुष्यात पहिल्यांदा ऐकला आणि लगेच ओळखला. त्यानंतर आवाजाची रेघ सरळ झाली. चित्रात काही हललं नाही, खोलीत कोणी नव्हतं. फक्त उशीवरच्या माझ्या हाताची करंगळी वर उचलली गेली. आपोआप उघडते तशी नाही. कोणीतरी खालून बोट घालून अलगद सोडवतं तशी. मग तिच्या शेजारचं बोट. मग मधलं. मी पान थांबवलं, कारण पुढचं बघण्याची माझ्यात ताकद नव्हती. पुन्हा चालू केलं तेव्हा हात उशीवर उघडा पडला होता आणि झोपेतल्या मी कूस बदलली होती.

उरलेली रात्र मी शेवटच्या पानापर्यंत ऐकली. तिथे फक्त माझा श्वास होता.

७

तेव्हापासून मला झोप लागते. डोकं टेकलं की लागते. डोळ्यांखालच्या वाट्या गेल्या, चेहरा भरला, मामेबहीण म्हणते तब्येत छान झाली. खोली नंबर दोनच्या पानांवर एक छप्पन्नला आता काही नसतं.

कामात मी हळू झालेय. प्रत्येक पानाखाली उरलेली सेकंदं हाताने लिहिते, आवाजाची रेघ ऐकते, आणि डॉक्टर कुरकुरतात. शाळेतल्या बाईंची रात्र मी पुन्हा वाचली. पानापानावर चौदा-चौदा सेकंदं जाग होती. मी त्यांना फोन केला आणि म्हटलं, बाई, तुम्ही जाग्या होतात, कागद चुकला होता. त्या मग म्हणाल्या, "इतकंच कोणीतरी म्हणायला हवं होतं." बाबांना मी हे कधी म्हटलं नाही.

बाबांनी पिन ओढली ती रागाने नाही, हे मला कळतं. पोरगी झोपली असं समजून ओढली. त्या रात्री ते खरं होतं. आदल्या वर्षीच्या रात्री नव्हतं, आणि त्यांना ते कोणी सांगितलं नाही.

अजूनही मी त्यांच्याच खोलीत झोपते. दिवा मालवला की उजवा हात उशीवर कानाशी ठेवते आणि अंधारात विचारते, "बाबा, चालू आहे?" थोडं थांबते. पुन्हा एकदा विचारते.

तिसऱ्यांदा मी विचारत नाही.